उदाहरणाची जागा: नैयायिकांचे अनुमान आणि ॲरिस्टॉटलचे संवाक्य

नाशिकमध्ये तत्त्वज्ञान विषयात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्यात, म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच भागांच्या युक्तिवादात, पहिले आणि पाचवे विधान एकच असते, चौथे दुसऱ्याची पुनरुक्ती वाटते आणि तिसऱ्यात स्वयंपाकघराचे उदाहरण विनाकारण आलेले दिसते. मग ॲरिस्टॉटलचे तीन विधानांचे संवाक्यच (सिलॉजिझम, म्हणजे दोन आधारविधाने व एक निष्कर्ष) अधिक शास्त्रशुद्ध नाही का? आणि ज्याला आपण भारतीय तर्कशास्त्र म्हणतो ते तर्कशास्त्र आहे की ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान कसे होते याचा विचार? शेवटी तिने हेही विचारले आहे की, न्यायसूत्रांचे कर्ते गौतम म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरचे गौतम ऋषीच का.

मी तीस वर्षे नाशिकमध्ये हा विषय शिकवला आणि हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी ऐकला. तो चांगला प्रश्न आहे. मात्र त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर, म्हणजे ‘भारतीय अनुमानात निगमन आणि विगमन (उदाहरणांवरून नियम काढणे) यांचा संगम आहे’ हे वाक्य, मला अपुरे वाटते. सुरुवातीची काही वर्षे मीही वर्गात तेच सांगत असे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाबरोबर वात्स्यायनभाष्य, म्हणजे न्यायसूत्रांवरचे वात्स्यायनाचे भाष्य, नीट वाचल्यानंतर ते सांगणे सोडून दिले.

आधी शब्दांचा उलगडा करावा लागेल, कारण मराठीत या विषयातला निम्मा गोंधळ शब्दांमुळे झाला आहे. ‘निगमन’ हा न्यायदर्शनात पंचावयवी वाक्याचा पाचवा अवयव आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र आधारविधाने मान्य केल्यावर ज्याचा निष्कर्ष नाकारताच येत नाही अशा युक्तिवादाच्या प्रकाराला हेच नाव दिले जाते. ‘तर्क’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. आपण या शास्त्राला तर्कशास्त्र म्हणतो आणि ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात तर्क हा गणेशाच्या हातातला परशू आहे, पण नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, पारिभाषिक अर्थाने तर्क हे प्रमाणच नव्हे. अन्नंभट्ट संशय आणि विपर्यय यांच्या शेजारी तर्काला बसवतो आणि त्याची गणना अयथार्थ अनुभवात करतो, कारण ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ असे म्हणताना आपण जे नाही ते क्षणभर आहे असे धरून चालतो. तर्क प्रमाणाला मदत करतो. स्वतः ज्ञान देत नाही. सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘प्रमाण’. मराठीत ‘याला प्रमाण काय?’ असे विचारताना आपल्याला पुरावा हवा असतो. शास्त्रात प्रमाण म्हणजे प्रमेचे (यथार्थ ज्ञानाचे) करण, ज्याच्या योगाने यथार्थ ज्ञान उत्पन्न होते ते साधन. डोळा आणि घट यांचा संनिकर्ष (संबंध) झाला व घटाचे ज्ञान उत्पन्न झाले, ही घडलेली गोष्ट आहे. अनुमान हेही नैयायिकाच्या दृष्टीने असेच घडते.

ॲरिस्टॉटलची दृष्टी येथेच वेगळी होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने पदांच्या जागी अक्षरे घालून विधानांचा आकार आशयापासून सुटा केला, आणि तर्कशास्त्राच्या इतिहासात याहून मोठी कामगिरी फार थोडी आहे. सर्व क हे ख आहेत, सर्व ख हे ग आहेत, म्हणून सर्व क हे ग आहेत. क, ख, ग म्हणजे काय हे माहीत नसले तरी युक्तिवाद वैध आहे हे कळते. या वैधतेला विधानांच्या सत्यतेची गरज नसते. सर्व नद्या उत्तरेला वाहतात, गोदावरी ही नदी आहे, म्हणून गोदावरी उत्तरेला वाहते, हा युक्तिवाद आकाराने निर्दोष आहे, जरी रामकुंडावर उभा राहिलेला कोणीही निष्कर्ष असत्य आहे हे सांगू शकतो. नैयायिकाला हे वाक्य दाखवले तर तो त्याला अनुमान म्हणणार नाही. नदी असणे आणि उत्तरेला वाहणे यांची व्याप्तीच (नित्य सोबत असण्याचा नियमच) नाही, हेतू (ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती) व्यभिचारी, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारा, आहे, म्हणजे यातून यथार्थ ज्ञान निपजणे शक्य नाही, एवढे सांगून तो थांबेल. तो वैधता ओळखत नाही असे यावरून म्हणू नये. त्याचा प्रश्न वेगळा आहे. हे मानले तर ते मानावे लागते का, हा ॲरिस्टॉटलचा प्रश्न. आता जे कळले ते खरोखर कळले का आणि कशाच्या बळावर कळले, हा नैयायिकाचा.

वात्स्यायनाचा शेषवत् अनुमानाचा दाखला नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. कार्यावरून कारणाचे अनुमान कसे होते हे दाखवताना तो म्हणतो की, नदीचे पाणी आधीपेक्षा वेगळे, पात्र भरलेले आणि प्रवाह वेगवान पाहून वर पाऊस झाला असे अनुमान होते. पण न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात प्रतिपक्षी यावरच बोट ठेवतो: ‘रोधोपघातसादृश्येभ्यो व्यभिचारादनुमानमप्रमाणम्’. पात्र पुढे कुठे अडले तरी नदी भरलेली दिसते. मुंग्यांनी अंडी घेऊन बाहेर पडणे ही पावसाची खूण मानतात, पण वारूळ मोडले तरी त्या तशाच बाहेर पडतात. माणसाने मोराच्या आवाजाची नक्कल केली तरी मोर ओरडल्यासारखे वाटते. मग या खुणांवरून काढलेले अनुमान प्रमाण कसे? आपल्याकडे ही अडचण गंगापूर धरणाने आणखी ठळक केली आहे. पावसाळ्यात गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की वर जोरदार पाऊस झाला असे आपण म्हणतो, आणि बहुधा ते खरे असते. पण काही वर्षी पावसाळा संपल्यावर, आभाळ निरभ्र असताना, खालच्या जायकवाडी धरणासाठी वरून पाणी सोडले जाते आणि त्या दिवसांतही पात्र भरून वाहते. नदी भरली एवढाच हेतू धरला तर अनुमान फसते.

सूत्रकार उत्तर देतो की, ज्या खुणेवर अनुमान उभे आहे ती खूणच वेगळी आहे. वात्स्यायन ते उलगडून सांगतो: केवळ पाणी वाढलेले पाहून कोणी पावसाचे अनुमान करत नाही, पाण्याचे रूप बदललेले, वेग वाढलेला, फेस, फळे, पाने आणि लाकडे वाहत येत असलेली पाहून करतो. जो सामान्य खुणेवरून विशेष गोष्ट जाणू पाहतो तो चुकतो, आणि तो अपराध अनुमान करणाऱ्याचा आहे, अनुमानाचा नाही, ‘सोऽयमनुमातुरपराधो नानुमानस्य’. तुम्हाला एकच परिच्छेद पुनःपुन्हा वाचायचा असेल तर हा वाचावा असे मी सांगेन. येथे वाक्याचा आकार कुठेच बदललेला नाही. बदलला तो हेतू, आणि तो बदलायचा कसा हे नदीकडे अधिक बारकाईने पाहूनच कळते. तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा या दोन स्वतंत्र खोल्या नैयायिकाने का बांधल्या नाहीत, याचे कारण मला येथे दिसते.

आता उदाहरणाकडे येऊ. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. एका स्वयंपाकघरावरून सर्व काळाचा नियम सिद्ध होत नाही, हा आक्षेप अगदी बरोबर आहे. पण नैयायिक तसे म्हणतच नाही. दृष्टान्ताचे लक्षण पाहा: ‘लौकिकपरीक्षकाणां यस्मिन्नर्थे बुद्धिसाम्यं स दृष्टान्तः’. सामान्य माणूस आणि शास्त्राची परीक्षा करणारा यांचे ज्या गोष्टीबद्दल मत सारखे असते ती गोष्ट म्हणजे दृष्टान्त. येथे नियमाची सिद्धी नाही, दोन पक्षांना मान्य असलेल्या जागेकडे बोट दाखवणे आहे. शिवाय ती जागा दाखवता आली नाही तर तुम्ही ज्या गोष्टींविषयी बोलत आहात त्या जगात कोठे एकत्र आढळतात का, याचीच शंका उरते. ॲरिस्टॉटलच्या संवाक्यात कोणीही कधी न पाहिलेल्या वस्तूंविषयी निर्दोष युक्तिवाद करता येतो. न्यायात त्याला वाट नाही. ‘संगम’ हे वाक्य म्हणूनच मला अपुरे वाटते. त्यात उदाहरण म्हणजे विगमनाची एक पायरी असे गृहीत धरलेले असते, आणि मग ते विगमन फारच दुबळे आहे अशी तक्रार उरते. 1843 साली जॉन स्टुअर्ट मिलने संवाक्यावर असा आक्षेप घेतला होता की, निष्कर्ष आधीच सर्वसामान्य विधानात दडलेला असतो, त्यामुळे नवे ज्ञान काहीच मिळत नाही; आपण खरे तर विशेषावरून विशेषाकडे जातो. हा आक्षेप नैयायिकाला लागू करताना जपून राहावे, कारण पक्षावर (म्हणजे पर्वतावर) साध्य (म्हणजे अग्नी) आहे हे व्याप्तीत आधीच कळलेले नसते. ते परामर्शानंतरच कळते.

परामर्श म्हणजे व्याप्तीने युक्त असा हेतू या पक्षावर आहे असे एकत्रित ज्ञान. उपनय त्यालाच शब्दरूप देतो, म्हणून तो हेतूची पुनरुक्ती नव्हे. ‘धूर आहे म्हणून’ असे म्हणताना फक्त कारण पुढे केलेले असते. ‘अग्नीशी नित्य जोडलेला असा धूर या पर्वतावर आहे’ असे म्हणताना धूर आणि नियम यांची गाठ पक्षावर बांधलेली असते. प्रतिज्ञा आणि निगमन यांत शब्द सारखे असले तरी पहिले विधान सिद्ध करायचे आहे आणि दुसरे सिद्ध झाले आहे, व त्याला बाधक किंवा तुल्यबळ विरोधी हेतू उरलेला नाही एवढा अर्थ त्यात येतो. हा सारा विस्तार दुसऱ्याला पटवून देण्यासाठी आहे. स्वतःपुरत्या अनुमानाला पाच वाक्ये लागत नाहीत. अवयवांच्या संख्येवर आपल्याकडेही मोठा वाद झाला, हे सहसा सांगितले जात नाही. वात्स्यायन दहा अवयव मानणाऱ्यांचा उल्लेख करतो, मीमांसक तीन पुरेत म्हणतात आणि बौद्ध नैयायिक उदाहरण व उपनय या दोघांवर भागवतात. तेव्हा तुम्हाला जी पुनरुक्ती वाटली ती धर्मकीर्तीच्या परंपरेलाही वाटली होती. 1824 साली संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक कोलब्रुक यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे न्याय-वैशेषिकांचा परिचय करून दिला, आणि पंचावयवी वाक्य संवाक्याच्या मापाने मोजण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली. तो आपला पहिला मापदंड होता असे समजण्याचे कारण नाही.

खरी कठीण जागा पुढे आहे: व्याप्ती कळते कशी? केवळ प्रत्यक्षच प्रमाण मानणारा चार्वाक म्हणतो की, प्रत्यक्ष वर्तमानापुरते आणि समोरच्यापुरते असते. सर्व काळातले सर्व धूर कोणी पाहिलेले नाहीत, आणि अनुमानाने व्याप्ती सिद्ध करू म्हटले तर त्या अनुमानाला पुन्हा व्याप्ती लागते. डेव्हिड ह्यूमने 1739 आणि 1748 च्या ग्रंथांत कार्यकारणाविषयी जी शंका घेतली तिची घडण बरीचशी अशीच आहे. ह्यूमने तोडगा म्हणून सवयीचे नाव घेतले. आपल्या मनाला तसे अपेक्षिण्याची सवय लागते, त्यापलीकडे पाया नाही. धर्मकीर्तीने सातव्या शतकात वेगळा मार्ग धरला: अनेकदा एकत्र दिसणे पुरेसे नाही, कार्यकारणभाव किंवा तादात्म्य असेल तरच अव्यभिचार (नियमाला अपवाद नसणे) ठरतो. नैयायिकांनी सहचार (एकत्र असणे) दिसणे व व्यभिचार न दिसणे हे कारण मानले आणि उरलेल्या शंकेसाठी तर्काला कामाला लावले. नैयायिक उदयनाचे म्हणणे असे की, शंकेला मर्यादा आहे. शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वागणेच तिला खोटे पाडू लागले की ती थांबते. नव्यन्यायाचा आचार्य गंगेश याने चौदाव्या शतकात हे आणखी सोपे केले: ज्याला धूर हवा आहे तो अग्नी पेटवतो, ज्याला तृप्ती हवी आहे तो जेवतो, ज्याला दुसऱ्याला काही कळवायचे आहे तो शब्द वापरतो, मग धुराला अग्नी लागतो की नाही ही शंका त्याला खरोखर आहे असे कसे म्हणायचे? वेदान्ती श्रीहर्षाने बाराव्या शतकातच उदयनाचा श्लोक थोडे शब्द फिरवून त्याच्यावर उलटवला होता: विरोध दाखवण्यासाठीही काही ठरावीक नियम आधी मान्य करावा लागतो, मग शंका संपली कोठे? माझ्या मते या वादात श्रीहर्षाची बाजू तर्काने अधिक भक्कम आहे आणि गंगेशाची जगण्याने. ह्यूमच्या वाचकाला हे दोघेही जवळचे वाटतील.

व्याप्तीची दिशा एकच असते, ही गोष्ट परीक्षेत सर्वाधिक चुकते. धुरावरून अग्नी कळतो, अग्नीवरून धूर कळत नाही. भट्टीत लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओल्या इंधनाचा संयोग हा तेथे उपाधी, म्हणजे अग्नीवरून धूर कळण्यासाठी लागणारी जादा अट, आहे.

आता ज्ञानमीमांसेच्या बाजूने एक आधुनिक पेच पाहू. 1963 साली एडमंड गेटियरने तीन पानांच्या निबंधात दाखवले की, एखादी समजूत सत्य आणि समर्थित असूनही ज्ञान ठरत नाही अशी उदाहरणे रचता येतात. आपल्या मुलखातला दाखला घेऊ. निफाड तालुक्यात थंडी वाढली की द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात, आणि त्याच वेळी धुकेही असते. रस्त्यावरून जाणाऱ्याने बागेवरचा पांढरा पट्टा पाहिला, तो धूर समजला आणि ‘बागेत शेकोटी आहे’ असे अनुमान केले. पट्टा धुक्याचा होता. पण बागेत खरोखरच एक शेकोटी होती, धूर न करणाऱ्या निखाऱ्यांची. त्याला शेकोटीचे ज्ञान झाले का? गेटियरनंतरचा पाश्चात्त्य विचार म्हणतो, नाही. आणि 1967 मध्ये गोल्डमनने ज्ञानासाठी वस्तू व समजूत यांच्यात योग्य कारणसंबंध हवा असे सुचवले. श्रीहर्षाने अशीच अडचण ‘तत्त्वानुभूतिः प्रमा’ (वस्तू जशी आहे तसा अनुभव म्हणजे प्रमा) या उदयनाच्या लक्षणापुढे उभी केली होती. मुठीत किती कवड्या आहेत असे विचारल्यावर एखाद्याने सहज ‘पाच’ म्हटले आणि त्या पाचच निघाल्या, तर ती प्रमा मानायची का?

हे आपल्या आचार्यांना आधीच माहीत होते असे म्हणून थांबण्याचा मोह येथे होतो, तो आवरावा. न्यायात ‘ज्ञान’ म्हणजे क्षणात उत्पन्न होणारी जाणीव. ती अयथार्थही असू शकते. पाश्चात्त्य चर्चेतली ‘समजूत’ ही टिकून राहणारी मनोवस्था आहे, आणि ‘समर्थन’ हा तिच्या बाजूने देता येणाऱ्या कारणांचा विषय आहे. अन्नंभट्टाचे लक्षण, ‘तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः’, शब्दशः घेतले तर वाटसरूची अनुमिती (अनुमानाने झालेले ज्ञान) यथार्थच ठरते, कारण जेथे शेकोटी आहे तेथेच त्याला ती आहे असे वाटले. दोष ज्ञानात नाही, हेतूत आहे. त्याचा हेतू स्वरूपासिद्ध आहे, धूर तेथे नव्हताच. म्हणजे नैयायिक दोन प्रश्न वेगळे ठेवतो: ज्ञान खरे आहे का, आणि ते ज्या साधनाने झाले ते निर्दोष आहे का. गेटियरचा पेच हे दोन्ही एकाच लक्षणात बसवू गेल्यामुळे उभा राहतो, असे मला वाटते.

आणि जे न्यायात नाही ते नाही म्हणून सांगितले पाहिजे. प्राचीन ग्रीसमध्ये क्रायसिपस आणि स्टोइक तत्त्वज्ञांनी ‘जर-तर’, ‘किंवा’ या विधानसंबंधांचा स्वतंत्र अभ्यास केला. 1879 मध्ये फ्रेगेने ‘सर्व’ आणि ‘काही’ यांना चिन्हरूप देऊन आधुनिक तर्कशास्त्र उभे केले. पद्धतीचीच पूर्णता किंवा सुसंगती सिद्ध करण्याचा विचार न्यायपरंपरेत आला नाही. नव्यन्यायाने, म्हणजे गंगेशापासूनच्या न्यायपरंपरेने, अवच्छेदक, प्रतियोगी, अनुयोगी अशा शब्दांतून संबंध अचूक सांगणारी विलक्षण भाषा घडवली, पण ती चिन्हांची भाषा नव्हे. ती घासून लख्ख केलेली संस्कृतच आहे. दुसरीकडे शब्दप्रमाणाबाबत, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या (आप्ताच्या) वचनाबाबत, न्याय पुष्कळ पुढे होता. आप्ताचे वचन हे स्वतंत्र प्रमाण आहे आणि आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू आहे, असे वात्स्यायनाने स्पष्ट लिहिले. धरणातून विसर्ग वाढणार असल्याची सूचना मिळताच गोदाघाटावरचे दुकानदार माल हलवतात ते याच प्रमाणावर, आणि त्यांना नदी वाढलेली प्रत्यक्ष पाहावी लागत नाही.

अभ्यासासाठी आठल्ये आणि बोडस यांची 1897 ची तर्कसंग्रहाची आवृत्ती अजूनही हाताशी ठेवावी. तिच्या टिपा इंग्रजीत असल्या तरी ॲरिस्टॉटलशी केलेली तुलना तेथे प्रामाणिकपणे मांडलेली आहे, आणि तुमचे मतभेद कोठे आहेत हे तिच्या आधाराने नेमके ठरवता येते.

राहिला गौतमांचा प्रश्न. ब्रह्मगिरीवर तप करून गोदावरी आणणाऱ्या गौतम ऋषींवरून नदीला गौतमी म्हणतात, आणि न्यायसूत्रांच्या कर्त्यालाही परंपरा गौतम व अक्षपाद या नावांनी ओळखते. दोघे एकच, असे आपल्याकडे श्रद्धेने सांगितले जाते, आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण तुम्ही मला प्रमाण विचारले आहे, म्हणून ते पंचावयवी वाक्यात मांडून पाहू. न्यायसूत्रकार हे त्र्यंबकचे गौतम आहेत ही प्रतिज्ञा, त्यांचे नाव गौतम आहे हा हेतू. आता उदाहरण हवे: जेथे जेथे गौतम हे नाव तेथे तेथे त्र्यंबकचे ऋषी. येथेच अडते, कारण गौतम हे गोत्रनाम आहे. शाक्यमुनी बुद्धालाही गौतम म्हणतात आणि महावीरांचे पट्टशिष्य इंद्रभूती हेही गौतमच. हेतू पक्षावर आहे, पण तो साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो. म्हणून तो व्यभिचारी आहे आणि एवढ्यावरून अनुमिती होत नाही.